मळमळ, वांती आणि रुग्णालयांतील औषधें

मराठी भाषेंत पोट ढवळण्याच्या अनुभवाला शब्दांची वाण नाहीं. मळमळणें, उमासे येणें, कोरड्या ओकाऱ्या येणें, वांती होणें असे एकाहून एक निराळे शब्दप्रयोग घरांतील बायका रोज अचूकपणें करीत असतात. वैद्यकशास्त्राला मात्र मळमळ आणि वांती यांमधील अंतर नीट ओळखण्यास फार काळ लागला. वांती डोळ्यांना दिसते. ती किती वेळां झाली हें मोजतां येतें, तसराळ्यांत किती पडलें हें मापतां येतें. मळमळ दिसत नाहीं. ती रोग्यानें सांगावी लागते आणि दुसऱ्या कोणी तरी ऐकून घ्यावी लागते. रुग्णालयांत हें ऐकण्याचें काम बहुधा परिचारिकेकडे आलें. म्हणून ओकारीवरील औषधांचा इतिहास प्रयोगशाळेच्या दारांतून जितका दिसतो, तितकाच तो रोग्याच्या उशाशींहि दिसतो.

ओकारी थांबविणारीं औषधें आपल्याकडे फार प्राचीन आहेत. चरकसंहितेंत ‘छर्दिनिग्रहण’ नांवाचा दहा द्रव्यांचा एक गणच दिलेला असून जांभूळ, आंब्याची पालवी, महाळुंग, डाळिंब, वाळा, साळीच्या लाह्या हीं द्रव्यें त्यांत येतात. परंतु रुग्णालयांतील ओकारी ही थोडी निराळी गोष्ट होय. ती पुष्कळदां रोगानें नव्हे, तर उपचारानेंच उत्पन्न होते. आणि तिचा आरंभ जवळजवळ तारखेनिशीं सांगतां येतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत ईथरची भूल देऊन जाहीरपणें शस्त्रक्रिया झाली. पुढील वर्षीं, ४ नोव्हेंबरच्या रात्रीं, एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनीं आपल्या घरीं दोघां सहकाऱ्यांसह क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला. शस्त्रक्रियेची वेदना गेली. शुद्धीवर येतांनाची ओकारी तिच्या जागीं आली.

ही ओकारी केवळ त्रासदायक नव्हती. २८ जानेवारी १८४८ रोजीं उत्तर इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाच्या नखावरील अगदीं लहान शस्त्रक्रियेच्या वेळीं क्लोरोफॉर्मखालीं दगावली. तिला शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत पाणी आणि ब्रँडी घालण्यांत आली होती. मृत्यु क्लोरोफॉर्ममुळें झाला, कीं तें पेय घशांत अडकून श्वास कोंडल्यामुळें झाला, यावर सिम्प्सन आणि जॉन स्नो यांचें एकमत झालें नाहीं. प्रश्न मात्र पुढें शंभर वर्षें जिवंत राहिला. बेशुद्ध माणसाला ठसका लागत नाहीं. मग बाहेरून ओतलेलें असो वा पोटांतून वर आलेलें असो, तें सरळ फुप्फुसांत उतरूं शकतें. १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनीं ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून, भुलेखालीं असतांना पोटांतील द्रव्य श्वासमार्गांत गेल्याचीं ६६ उदाहरणें दाखविलीं, तेव्हां शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशी ठेवण्याच्या नियमाला भक्कम आधार मिळाला.

औषध हाताशीं नव्हतें त्या काळांत परिचारिकेचे हात हेंच औषध होतें. भूल दिलेल्या रोग्याची मान एका कुशीला वळवून ठेवावयाची, हनुवटी धरून जीभ मागें पडूं द्यावयाची नाहीं, तसराळें गालाशीं लावावयाचें, तोंड आंतून पुसून घ्यावयाचें, आणि ओकारी थांबेपर्यंत खाटेपासून हलावयाचें नाहीं. यांतील एकाहि कृतीनें ओकारी थांबत नाहीं. पण माणूस वांचतो. याखेरीज बर्फाचे तुकडे चघळावयास देणें, ऊन पाण्याचे घोट, पोटावर मोहरीचा लेप, आणि व्हिनेगरांत भिजविलेलें फडकें नाकाशीं धरणें असे उपाय चालत. स्वतः सिम्प्सन यांनीं १८५४ मध्यें गर्भिणीच्या ओकाऱ्यांवर सिरियम ह्या धातूचे क्षार सुचविले, आणि सिरियम ऑक्झलेटच्या पुड्या पुढें कितीएक दशकें औषधालयांत विकल्या गेल्या. त्यांचा गुण किती आणि धीर देण्याचा परिणाम किती, हें कोणीं मोजून पाहिलें नाहीं. ज्यानें क्लोरोफॉर्म दिला त्यानेंच ओकारीवर पुडीहि दिली, एवढी गोष्ट मात्र ध्यानांत राहते.

ओकारीवर खऱ्या अर्थानें चालणारीं औषधें रुग्णालयांतून निघालीं नाहींत. तीं समुद्रावरून आलीं. इंग्रजींतील ‘नॉशिया’ हा मळमळीचा शब्दच मुळीं ग्रीक भाषेंतील जहाजवाचक शब्दापासून झालेला आहे, आणि तो ग्रीक शब्द व आपला ‘नौका’ हा शब्द एकाच धातूच्या कुळांतले. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि सैनिकांना जहाजांतून नेऊन किनाऱ्यावर उतरवावयाचें होतें. ओकून गळालेला शिपाई बंदूक काय उचलणार? ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश सैनिकांना हायोसिनच्या गोळ्या देण्यांत आल्या होत्या. हायोसिन हें आपल्याकडील खुरासानी ओंव्यांत आणि धोत्र्यांत सांपडणारें द्रव्य होय. त्यानें तोंडाला कोरड पडते, नजर अंधुक होते. जास्त झाल्यास माणूस बरळूं लागतो. धोत्र्याचे गुण ठाऊक असलेल्यांना यांत आश्चर्य वाटावयास नको. शस्त्रक्रियेपूर्वींच्या इंजेक्शनांत अफूच्या मॉर्फिनबरोबर हेंच हायोसिन देण्याची रीतहि रुग्णालयांत बराच काळ होती.

युद्ध संपल्यावर एक गंमतीची गोष्ट घडली. १९४७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत एक गरोदर बाई अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींसाठीं उपचार घेत होती. तिला दिलेल्या नव्या औषधानें गांधींचें काय झालें तें बाजूला राहो. पण तिनें डॉक्टरांना सांगितलें कीं, ट्रामगाडींत बसलें कीं जें नेहमीं मळमळे, तें आतां मळमळत नाहीं. ही गोष्ट दुर्लक्षून सोडून देणें किती सोपें होतें! लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर ह्या दोघां डॉक्टरांनीं ती सोडली नाहीं. नोव्हेंबर १९४८ मध्यें न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या ‘जनरल बॅलू’ ह्या सैनिकी जहाजावर कांहींना हें औषध आणि कांहींना तशीच दिसणारी निरौषधी कुपी देऊन त्यांनीं प्रयोग केला. औषध घेतलेल्यांत बोट लागण्याचें प्रमाण फारच कमी भरलें. ड्रॅमामिन ह्या नांवानें तें औषध जगभर गेलें, आणि त्याच्या जातीचीं सायक्लिझिन, प्रोमेथाझिन यांसारखीं औषधें रुग्णालयांच्या कपाटांत आलीं. यांचा मोठा दोष म्हणजे झोप. जहाजावर झोप चालते. शस्त्रक्रियेनंतर मात्र रोगी औषधानें झोपला आहे कीं आंत रक्तस्राव होऊन मंद पडला आहे, हें नाडी धरून ओळखण्याचें नवें काम परिचारिकेच्या वांट्याला आलें.

यानंतरचें औषध वेड्यांच्या रुग्णालयाच्या वाटेनें आलें. डिसेंबर १९५० मध्यें फ्रान्समधील रोन-पुलांक ह्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत पॉल शार्पांतिए यांनीं क्लोरप्रोमाझिन तयार केलें. १९५२ पासून पॅरिसच्या सांत-आन रुग्णालयांत त्यानें उन्मादाचे रोगी शांत होऊं लागले. तेंच औषध ओकारीहि थांबवितें, हेंहि लवकरच दिसून आलें. त्याच सुमारास अमेरिकेंत बोरिसन आणि वांग ह्या शास्त्रज्ञांनीं मेंदूच्या तळाशीं असलेली एक चिमुकली जागा शोधून काढली होती. बाकीच्या मेंदूला रक्तांतील विषांपासून जो पडदा राखतो, तो ह्या जागीं विरळ आहे. जणूं रक्तांत कांहीं भलतें आलें कीं तें चाखून पाहण्यासाठीं निसर्गानें येथें एक चौकीच बसविली आहे. क्लोरप्रोमाझिन ती चौकी बंद करतें. परंतु त्यानें रक्तदाब उतरतो आणि रोगी उठून बसतांच घेरी येऊन पडतो. म्हणून त्याच कुळांतील प्रोक्लोरपेराझिन पुढें आलें. आपल्याकडेहि स्टेमेटिल ह्या नांवानें ओळखलें जातें तें हेंच.

ह्या काळांत केसपेपरावर ‘लागल्यास द्यावें’ असा शेरा डॉक्टर लिहूं लागले. दोन शब्दांचा हा शेरा दिसावयास लहान आहे, पण त्यानें मोठी जबाबदारी हस्तांतरित केली. लागलें कीं नाहीं हें कोणीं ठरवावयाचें? रात्रीं दोन वाजतां डॉक्टर झोपलेले असत. परिचारिका जागी असे. ओकारी होऊन गेल्यावर सुई टोंचणारी एक, आणि रोग्याचा चेहरा पांढरा पडून तोंडाला पाणी सुटूं लागतांच सुई भरावयास घेणारी दुसरी, यांच्या हाताखालच्या रोग्यांची रात्र सारखी जात नसे.

१९६४ सालीं फ्रान्समध्यें जुस्तां-बेझांसों आणि लाव्हिल यांनीं मेटोक्लोप्रामाइडविषयींचें आपलें काम प्रसिद्ध केलें. हें औषध मेंदूंतील चौकी तर बंद करतेंच, शिवाय पोटांतील अन्न पुढें ढकलतें. पेरिनॉर्म ह्या नांवानें तें भारतांत घरोघर माहीत झालें. त्याचा एक परिणाम मात्र पाहणाऱ्याचें काळीज हलविणारा असतो. इंजेक्शन घेतल्यावर कांहीं तासांनीं किंवा एकदोन दिवसांत एखाद्या तरुण मुलीची मान अचानक एका बाजूला पिरगळते, डोळे वर लागतात, जबडा आंवळला जातो. ती पूर्ण शुद्धींत असते, आणि तिला बोलतां येत नाहीं. अशा मुलींवर ‘सोंग करते’, ‘अंगांत आलें’, ‘धनुर्वात झाला’ असे शिक्के कितीएक वेळां बसले आहेत. आदल्या पाळींत कोणतें इंजेक्शन दिलें हें केसपेपरावर पाहणाऱ्या परिचारिकेला उलगडा होतो. आणि प्रोमेथाझिनसारख्या औषधाचें एक इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळांत मान सरळ होते. हें औषध फार दिवस घेतल्यास तोंडाचे चाळे कायमचे जडूं शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं २००९ मध्यें त्यावर ठळक चौकटींत इशारा छापावयास लावला, आणि युरोपांत २०१३ मध्यें तें पांच दिवसांहून अधिक देऊं नये असें ठरलें.

ह्या इतिहासांतील सर्वांत काळें पान गर्भिणींच्या मळमळीचें आहे. १ ऑक्टोबर १९५७ रोजीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड हें औषध झोपेसाठीं विकावयास निघालें. तें इतकें निर्धोक असल्याची जाहिरात झाली कीं, सकाळच्या ओकाऱ्यांसाठीं तें गरोदर स्त्रियांना सर्रास दिलें जाऊं लागलें. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो हें कोणीं तपासलें नव्हतें. हात-पाय अर्धवट वाढलेलीं, किंवा हातच नसलेलीं मुलें जन्मूं लागलीं. जर्मनींत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियांत विल्यम मॅकब्राइड ह्या डॉक्टरांनीं १९६१ मध्यें कारण ओळखलें. सिडनीच्या ज्या प्रसूतिगृहांत मॅकब्राइड काम करीत, तेथील एका सुईणीला हा संशय त्यांच्याहि आधीं आला होता, असें पुढें सांगण्यांत आलें. वर्षअखेरीस औषध मागें घेतलें गेलें, तोंवर दहा हजारांहून अधिक मुलें जन्मास आलीं होतीं. अमेरिकेंत फ्रान्सिस केल्सी ह्या अधिकारी स्त्रीनें पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, आणि तो देश बव्हंशीं वांचला.

ह्या धक्क्याची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक असते. डॉक्सिलामिन आणि ब जीवनसत्त्वांतील पायरिडॉक्सिन यांची एक गोळी १९५६ पासून गर्भिणींना दिली जात होती. तिच्यावरहि जन्मव्यंगांचे खटले भरले गेले, आणि १९८३ सालीं कारखान्यानें ती अमेरिकेच्या बाजारांतून काढून घेतली. पुढें तपासांत तिचा दोष सिद्ध झाला नाहीं; २०१३ मध्यें तिला तेथें पुन्हां परवानगी मिळाली. मधल्या तीस वर्षांत तेथील कितीएक बायकांनीं भीतीपोटीं नुसत्या ओकाऱ्या काढल्या. दोन निराळ्या औषधांवर एकच भीति पडली, याला न्याय म्हणतां येत नाहीं. पण थॅलिडोमाइडनंतर ती भीति वाटली नसती तर तेंहि नवल झालें असतें.

ओकारी हा सोसण्याचाच भाग आहे ही समजूत मोडली ती कर्करोगाच्या वॉर्डांत. प्लॅटिनम धातूपासून बनविलेल्या सिस्प्लॅटिन ह्या औषधाला १९७८ मध्यें अमेरिकेंत परवानगी मिळाली. वृषणाच्या कर्करोगानें हमखास मरणारे तरुण त्यानें बरे होऊं लागले. परंतु ह्या औषधानें, आवर घालणारें दुसरें कांहीं न दिल्यास, दहांतील नऊंहून अधिक रोगी तासन्‌तास ओकत. कांहीं रोगी उपचार अर्धवट टाकून घरीं गेले. मरण पत्करलें, पण ही सुई नको असें म्हणणारे निघाले. याहून विलक्षण प्रकार म्हणजे, दोनतीन फेऱ्या झाल्यावर रुग्णालयाचा वास येतांच किंवा ओळखीची परिचारिका समोर दिसतांच, सुई लागण्यापूर्वींच ओकारी सुरू होई. जी शुश्रूषा करते तिचेंच तोंड पाहून रोग्याचें पोट ढवळावें, याहून कठीण प्रसंग ह्या पेशांत थोडे असतील. १९८३ मध्यें सिडनीच्या डॉक्टरांनीं रोग्यांनाच विचारलें कीं, उपचारांतील सर्वांत वाईट काय? पहिला क्रमांक वांतीला मिळाला, दुसरा मळमळीला. केस गळणें त्यांच्या मागून आलें.

उपाय शोधतांना माणसें कोठवर गेलीं! न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनीं १९८१ मध्यें मेटोक्लोप्रामाइड नेहमींच्या मात्रेच्या अनेक पटींनीं देऊन ओकारी पुष्कळ आवरतां येते हें दाखविलें. १९८५ मध्यें गांजांतील द्रव्याच्या गोळीला अमेरिकेंत ह्याच कामासाठीं परवानगी मिळाली. खरी वाट मात्र पोटांतून निघाली. शरीरांतील सेरोटोनिन ह्या द्रव्याचा बहुतेक सांठा मेंदूंत नसून आंतड्यांच्या अस्तरांत असतो. सिस्प्लॅटिन त्या अस्तराला दुखवितें, सेरोटोनिन बाहेर सांडतें, आणि तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला तें डिवचतें. म्हणजे वरची चौकी बंद करूनहि खालून तार जातच होती. उंदरांना ओकतां येत नाहीं, म्हणून हे प्रयोग फेरेट नांवाच्या मुंगुसासारख्या लांबट प्राण्यावर करावे लागले. इंग्लंडांतील ग्लॅक्सोच्या प्रयोगशाळेंत तयार झालेलें ऑन्डान्सेट्रॉन १९९० मध्यें ब्रिटनांत आणि १९९१ मध्यें अमेरिकेंत विक्रीस आलें. त्यानें ना मान पिरगळे, ना फारशी झोप येई. डोकें दुखणें आणि मलावरोध एवढेच नेहमींचे दोष.

परिचारिकेच्या कामाची तऱ्हा ह्या औषधानें बदलून टाकली. ‘लागल्यास द्यावें’ याच्या जागीं ‘अर्ध्या तासापूर्वीं द्यावें’ असा शेरा आला. ओकारी येण्याची वाट पाहण्याचे दिवस सरले. रात्रभर तसराळीं रिकामीं करण्याऐवजीं रोगी दिवसां येऊन, औषध घेऊन संध्याकाळीं घरीं जाऊं लागला. आरंभीं किंमत डोळे पांढरे करणारी होती. पेटंटची मुदत सरल्यावर ती उतरली, आणि भारतांत तर एमसेटची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळूं लागली. पण तेंहि अगदीं निर्दोष नव्हे. एकदम मोठी मात्रा शिरेंतून दिल्यास हृदयाची लय बिघडूं शकते, म्हणून २०१२ मध्यें त्याची ३२ मिलिग्रॅमची एकरकमी मात्रा अमेरिकेंत बंद करण्यांत आली.

शस्त्रक्रियेनंतरच्या ओकारीचा हिशेब तुलनेनें सरळ निघाला. १९९९ मध्यें जर्मनीच्या क्रिस्टियान आपफेल यांनीं चार प्रश्न पुरेसे ठरविले: रोगी स्त्री आहे काय, धूम्रपान न करणारी आहे काय, पूर्वीं गाडी लागण्याचा किंवा भुलेनंतर ओकारीचा त्रास झाला आहे काय, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य औषध द्यावयाचें आहे काय. चारहि उत्तरें होकारार्थी आलीं तर पांचांतील चौघांना त्रास होतो. २००४ मध्यें त्यांनींच ५,१९९ रोग्यांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल हीं तिन्ही औषधें धोका सारखाच, सुमारें एक चतुर्थांशानें, कमी करतात. मग महागडें आधीं कशाला?

आतां पुन्हां मळमळीकडे यावयास हवें. १९९६ सालीं सिडनींत तोच प्रश्न रोग्यांना पुन्हां विचारला गेला. वांती पहिल्या क्रमांकावरून पांचव्यावर घसरली होती. पहिला क्रमांक आतां मळमळीचा होता. नवीं औषधें मोजतां येणाऱ्या गोष्टीवर चाललीं. न दिसणारी गोष्ट मागें उरली. ओकला नाहीं म्हणून कागदावर ‘आराम आहे’ असें लिहिलें जाई, आणि रोगी मात्र भिंतीकडे तोंड करून, अन्नाचा वास नको म्हणून पडून राही. विशेषतः उपचारानंतर दुसऱ्या ते पांचव्या दिवसांपर्यंत, म्हणजे तो घरीं गेल्यानंतर, ही मळमळ धरून असते. आणि घरीं तसराळें मोजणारें कोणी नसतें. म्हणून आतां पुष्कळ वॉर्डांत परिचारिका ‘ओकारी झाली का?’ एवढ्यावर न थांबतां, ‘शून्य ते दहांपैकीं मळमळ किती?’ असेंहि विचारते.

ह्या उरलेल्या मळमळीवर २००३ मध्यें अप्रेपिटंट हें औषध आलें; तें मेंदूंतील आणखी एका द्रव्याची वाट अडवितें. त्यानेंहि वांतीच अधिक आवरली. साध्या उपायांकडेहि लक्ष गेलें. इंजेक्शनपूर्वीं कातडी पुसावयाचा स्पिरिटचा बोळा नाकाशीं धरून हुंगावयास दिल्यास मळमळ लवकर उतरते, हें अमेरिकेंतील तातडीच्या विभागांत २०१६ आणि २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें. शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतील परिचारिकांना हा उपाय त्यापूर्वींपासून ठाऊक होता.

मळमळीवर सर्वांत चांगला गुण आला तो ओलान्झापिनचा, आणि हें औषध क्लोरप्रोमाझिनप्रमाणेंच मनोरुग्णांसाठीं बनविलेलें. २०१६ मध्यें अमेरिकेंतील मोठ्या प्रयोगांत त्याची १० मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर, अजिबात मळमळ न होणाऱ्या रोग्यांची संख्या वाढली. पण तेवढ्या मात्रेनें दिवसां डोळे उघडवत नाहींत. ह्या अडचणीवर मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेंत प्रयोग झाला आणि तो २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत २७५ रोगी होते, बहुतेक स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया. निम्म्यांच्या आसपास रोग्यांना १० मिलिग्रॅम आणि बाकीच्यांना केवळ अडीच मिलिग्रॅम देण्यांत आलें. अडीच मिलिग्रॅमनें ओकारी तितकीच आवरली, आणि दिवसां येणारी गुंगी पुष्कळ कमी झाली. उपचार घेऊन संध्याकाळच्या लोकलनें घरीं परतणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशीं चुलीपुढें उभ्या राहणाऱ्या बाईला साडेसात मिलिग्रॅमचा हा फरक लहान वाटत नाहीं.